हात लावायचा न्हाय

विद्याश्रीला गडमुडशिंगीत सगळे ओळखतात. घराला गोठा जोडलेला आणि जिभेला लगाम नसलेला, अशी ती बाई. पण मागच्या जानेवारीपासून तिची ओळख बदलली. बारसं असो, जत्रा असो, डेअरीत दूध घालायची रांग असो, तिच्याकडं बोट करून कुणीतरी पाहुण्याला सांगायचंच, "हीच की ती. शर्यतीत सायकल बंद पडलीती, आमच्या पोरांनी खांद्यावर मारून नेली बघा." सांगणारा कौतुकानं सांगायचा, ऐकणाराही कौतुकानंच ऐकायचा. विद्याश्री दुधाचा कॅन उचलायची आणि बोलणाऱ्याच्या पायावर आपटायचा राहून गेला असं तोंड करून निघून जायची.

ही शर्यत म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मला विचारणारे अर्धे लोक तिला मॅरेथॉन समजतात आणि उरलेले बैलगाडीची शर्यत. यात जोडीनं उतरायचं असतं. माझी आणि विद्याश्रीची जोडी. शाहूवाडीच्या डोंगरात पहाटे सोडतात. आधी जंगलातून पळायचं, मग धरणाच्या पाण्यात दोघींनी मिळून एक होडी वल्हवायची, मग सायकल. वाटेवर बाण नसतात, पाट्या नसतात. हातात नकाशा आणि होकायंत्र ठेवतात. नकाशावर जिथं ठिपका आहे तिथं एक शिक्का टांगलेला असतो, तो शोधून कार्डावर उठवायचा आणि पुढं पळायचं. जोडीतल्या दोघींनी एकमेकींना सोडायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. वाट विचारायची नाही. लागेल ते पाठीवर न्यायचं आणि मोडेल ते आपणच नीट करायचं. कागदावर हा नियम एका ओळीत मावतो. कोल्हापुरी माणसाला तो पाळायला लावणं म्हणजे पंगतीला बसवून जेवू नको म्हणण्यातला प्रकार आहे.

पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, पळता आलं की झालं. नवेकोरे बूट घालून येतात आणि पहिल्याच ओढ्यापाशी फोड कुरवाळत बसतात. दुसऱ्याच्या पाठीमागं पळत सुटतात आणि तो दुसराही चुकलेला निघतो. मी स्वतः पहिल्या वर्षी आदल्या संध्याकाळी तांबडा रस्सा वाटीवर वाटी ओरपला होता, आणि डोंगर चढताना त्यानं मला वाटीवाटीचा हिशेब दिला. विद्याश्री लिंगायत, घरात रस्सा शिजत नाही, म्हणून ती वाचली.

आमची ओळख राजाराम तलावावरची. मी विमा कंपनीच्या ऑफिसात बसून बसून कंबर धरलेली बाई, डॉक्टरनं पोहायला सांगितलं म्हणून पाठीला डबा बांधून काठाकाठानं हातपाय मारत होते. पाण्यातून कुणीतरी ओरडलं, "आगं, किती बडवतीयास? पाण्यानं काय वाकडं केलंय तुझं?" अंगभर पंजाबी ड्रेस घालून ही बाई तलावाच्या मधोमध आरामात उताणी पडली होती. माहेर नेसरीकडचं, पोहणं विहिरीतलं. मला तिचा रागच आला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, तर ती काठावर बसून माझी वाट बघत होती. म्हणाली, "मला वाटलं यायची न्हाईस. चल, डबा सोड." डबा तिनंच सोडला, मला न विचारता. आमच्याकडच्या बायका बोलतानासुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, आणि विद्याश्रीच्या तोंडात ते जितकं शोभतं तितकं कुणाच्याच नाही.

मागच्या वर्षी आम्ही पहिल्यांदा शर्यतीत उतरलो. आम्ही उतरलो म्हणजे गावही उतरलं. टेम्पो भरून माणसं आली, पुढं गुंडू हलगी घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढं विद्याश्रीचे सासरे, चन्नवीरमामा. हे मामा म्हणजे गावातला पहिला खांदा. उसाची ट्रॉली चिखलात रुतली की जेवणाच्या ताटावरून उठून पळणारे. आमच्या भागात ही रीतच आहे, ट्रॉली कुणाची हे विचारायचं नसतं, आधी खांदा लावायचा आणि मग शिव्या द्यायच्या. मामांनी उभ्या जन्मात रुतलेलं चाक बघून पाठ फिरवली नाही, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे.

शेवटच्या चढाच्या पायथ्याला विद्याश्रीच्या सायकलीची चेन तुटली. चेन जोडायचं हत्यार पाठीवर होतं, वापरायला ती शिकलीही होती. तिनं पिशवी काढेपर्यंत मामांचा आवाज आला, "बघतासा काय रं? उचला की." सायकल खांद्यावर गेली. हलगी पुढं, सायकल मागं, आणि दोघं जण विद्याश्रीच्या पाठीला हात लावून तिला चढ चढवतायत. ती ओरडत होती, पण हलगीपुढं कोण ऐकणार? वर पोचल्यावर पंचांनी आमचं नाव कापलं. गाव पंचांच्या अंगावर गेलं. "मदत केली म्हणून बाद? चोरी केली काय आमी?" विद्याश्री त्या गर्दीत एकटी खाली बसली होती. मी तिला रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. रडणंसुद्धा चिडल्यासारखं होतं.

तेव्हापासून ते वाक्य तिच्या मागं लागलं. ती मला म्हणाली, "नंबर जाऊ दे खड्ड्यात. पर जंगलातनं पळलो मी, होडी वल्हवली मी, आणि नाव कुणाचं? पोरांचं. एकदा, फकस्त एकदा, आपण दोघींनी ती शेवटची रेघ ओलांडायची. कुणाचं बोट न लागता."

मग वर्षभर तिनं जीव काढला. धार काढून झाली की पळणं, चारा टाकून झाला की सायकल. नवरा रुद्रेश फाउंड्रीत पाळीवर जातो. त्याच्या सायकलीचं चाक तिनं सरावासाठी इतक्यांदा खोललं की तो बिचारा चालत स्टॉपवर जायला लागला. मी नकाशा वाचायचा आणि तिनं हत्यारं चालवायची अशी आमची वाटणी. नकाशाचं आणि तिचं जमलं नाही. उत्तर दिशा म्हणजे गोठ्याचं मागचं दार, यापलीकडं ती जायला तयार नव्हती.

पण खरी तयारी वेगळीच होती, आणि ती तिनं शर्यतीच्या आठवड्यात केली. मी चहाला गेले होते. मामा गोठ्यात कडबा कुट्टीच्या यंत्राजवळ उभे होते. विद्याश्री त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, औंदाबी शर्यत हाय."

"म्हाईत हाय."

"येत असला तर या. पर सायकलीला कुणी हात लावायचा न्हाय. मलाबी न्हाय. पडलो तर पडू द्यायचं."

मामांनी पेंढी खाली ठेवली. "सून वाटंत पडल्याली आणि सासरा बघत हुबा? लोकं शेण घालतील तोंडात."

"आणि आत्ता काय बोलत्यात ते ऐकतासा न्हवं? त्यात मी कुठं हाय? सायकल पोरांनी नेली, मी मागनं गेलो."

"तुझ्यासाठीच केलं की गं पोरी."

"मग माझ्यासाठीच आता एवढं करा. हुबं ऱ्हाऊन बघा. दुसरं काय मागत न्हाय."

मामांनी बटण दाबलं आणि यंत्र सुरू झालं. त्या घरघरीत पुढचं कुणालाच काही बोलता आलं नाही. तेच त्यांचं उत्तर, असं समजून आम्ही दोघी बाहेर आलो. विद्याश्रीचा चहा तसाच राहिला होता.

शर्यतीच्या दिवशी सुरुवातीला सामान तपासतात. शिट्टी, पट्ट्या, डोक्याला लावायचा दिवा, पंक्चरचं सामान, जादा ट्यूब, हे नसेल तर सोडतच नाहीत. विद्याश्रीच्या पिशवीत ते सगळं होतं, शिवाय गूळ-शेंगदाणे आणि भाकरीचा तुपात परतलेला चुरा. तपासणारा मुलगा चुऱ्याकडं बघत राहिला. "बघत काय बसलायसा पावणं? शिक्का मारा," ती म्हणाली. मी टेम्पो शोधत होते. टेम्पो कुठंच नव्हता. विद्याश्रीनं एकदाच मागं वळून बघितलं आणि मग नाही बघितलं.

जंगलात पहिला शिक्का सापडला, दुसरा सापडला, तिसऱ्यापाशी दोन वाटा फुटल्या आणि आमचं वाजलं. मी म्हणाले डावीकडं, ती म्हणाली उजवीकडं, कारण उजवीकडं पायांचे ठसे होते. मी नकाशा तिच्या नाकासमोर धरला. तेवढ्यात गवताचा भारा घेऊन एक म्हातारी समोरून आली. भारा टेकवला आणि आम्हाला वरून खालपर्यंत बघून म्हणाली, "कुठं निघालासा गं पोरींनू? तोंडं बघा कशी झाल्यात. घर हितंच हाय, ताक घेऊन जावा."

ऊन वर आलं होतं. घसा कोरडा पडला होता. आणि आम्हाला वाट विचारायची नव्हती, ताक प्यायचं नव्हतं. विद्याश्रीनं हात जोडले. "न्हाय आज्जी. आज कुणाचं काय घ्यायचं न्हाय."

"म्हंजे? उपास हाय काय?"

"तसंच समजा."

म्हातारीला ते पटलं नाही. ताकाला नाही म्हणणारी माणसं तिनं बघितली नसावीत. ती पाठीमागून बडबडत राहिली आणि आम्ही डावीकडं पळालो. थोडं पुढं गेल्यावर विद्याश्री म्हणाली, "हे पळण्यापेक्षा अवघड हाय." शिक्का डावीकडंच सापडला. मी तो जरा जास्त जोरात मारला.

होडीत वारा तोंडावर होता. नवख्यांना वाटतं होडी म्हणजे बसून जायचं काम, पाय मोकळे होतील. पाय आखडतात आणि खांदे उतरतात. विद्याश्री मागं बसून वल्हवत होती आणि माझ्या प्रत्येक चुकीला नाव ठेवत होती, त्यामुळं मला झोप यायची सोय नव्हती. काठाला उतरताना माझा पाय शेवाळावरून सटकला आणि सगळं वजन डाव्या हातावर आलं. मनगट बघता बघता सुजलं. तिनं पट्टी बांधली. "हँडल धरता येतंय?" येत होतं, कसंबसं. "मग चल."

भातं कापून झालेल्या खाचरांतून, बांधांवरून, लाल मातीच्या रस्त्यानं आम्ही सायकली मारल्या. शेवटचा शिक्का घेतला. हाताशी वेळ होता. संध्याकाळी ठरलेल्या वेळेला शेवटची रेषा बंद होते, मग येणाऱ्याचं नाव लागत नाही. शेवटच्या चढाचा पायथा दिसला, आणि तिथं टेम्पो दिसला. सगळं गाव आलं होतं. मागच्या वर्षीचा आमचा पराक्रम लक्षात ठेवून आयोजकांनी तिथं मुद्दाम एक पंचही उभा केला होता.

देवालाही कधीकधी तमाशा बघायचा असतो. टेम्पोच्या अलीकडं विद्याश्रीच्या मागच्या चाकात काटा घुसला. हवा सुटल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. ती उतरली. हलगी थांबली. टेम्पोतून चार पोरं खाली उडी मारून पुढं आली, कारण ती आमची पोरं आहेत आणि त्यांना दुसरं काही येत नाही.

"मागं."

चन्नवीरमामांचा आवाज होता. पोरं थबकली. "मागं सरा म्हनलो न्हवं? हात पाठीमागं घ्या सगळ्यांनी." आणि त्यांनी स्वतःचे हात पाठीमागं घेतले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. एकेक करून सगळ्यांचे हात मागं गेले. गुंडूनं हलगी खाली ठेवून हात मागं घेतले.

विद्याश्रीनं कुणाकडंच बघितलं नाही. सायकल उलटी केली, चाक खोललं. माझा एकच हात कामाचा, त्या हातानं मी जमेल ते धरत होते. जादा ट्यूब घातली, टायर बसवताना ती चिमटली गेली, हवा भरली आणि पुन्हा तोच आवाज. घरी डोळे झाकून जमणारं काम. पण घरी हात वल्ह्यांनी सोललेले नव्हते आणि अख्खं गाव बघत नव्हतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, काटा आधी..." पंचानं हात वर केला. "सांगायचं पण नाही."

"तोंडंबी मिटा," मामा म्हणाले.

आता पहिल्या ट्यूबमधलं भोक शोधून तिलाच ठिगळ लावायचं होतं. बेळगावची एक जोडी आमच्या शेजारून चढाला लागली. मग आणखी एक. मी म्हणाले, "विद्या, राहू दे. ढकलत जाऊ." ढकलत गेलो तर रेषा बंद होणार हे मला माहीत होतं. मी दमले होते आणि मला ते सगळे डोळे सहन होत नव्हते, खरं तेच सांगते. तिनं मान वर केली नाही. "गप. चाक धर."

तिनं टायरच्या आतून बोट फिरवलं, काटा सापडला, तो दातांनी उपटून थुंकला. ट्यूब घासली, सोल्यूशन लावलं आणि ते वाळायची वाट बघत बसली. ते बसणं सगळ्यांत वाईट होतं. बाकी सगळं हातांना काम होतं, हे नुसतं थांबणं. पोरांपैकी एक जण पायानं माती उकरायला लागला. एका बाईनं पदर तोंडाला लावला. मामा म्हणाले, "ज्याला बघवत न्हाय त्यानं पाठ करा." बहुतेकांनी पाठ केली. टेम्पोजवळ नुसत्या पाठी आणि पाठीमागं धरलेले हात दिसत होते.

मामांनी पाठ केली नाही. सुनेनं त्यांच्याकडं तेवढंच मागितलं होतं. ते तसेच उभे राहिले आणि तिच्या हातांकडं बघत राहिले. ट्रॉली रुतल्यावर जसा जबडा आवळतात तसा त्यांचा जबडा आवळलेला होता, फक्त खांदा लावायला काही नव्हतं. त्या माणसाला मी वर्षभर मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

ठिगळ चिकटलं. टायर या वेळी तिनं अंगठ्यांनी बसवला, कड सगळीकडून दाबून बघितली, मग पंप. हवा टिकली. तिनं सायकल सुलटी केली, हात ड्रेसला पुसले आणि मला म्हणाली, "बस." तेवढंच.

चढाबद्दल काय सांगू? शर्यतीचा शेवटचा चढ नकाशावर बोटाएवढा असतो आणि पायांना तो आयुष्यभर पुरतो. मी मधे उतरले, ती थांबली. नियमच आहे, सोडायचं नाही. ती तोंडानं मला घालूनपाडून बोलत होती आणि तिचं बोलणं ऐकू यायचं तेवढ्या अंतरात राहायचं, एवढंच मी ठरवलं होतं. टेम्पो आमच्या शेजारून हळू वर गेला. त्यातून कुणी हाक मारली नाही की शिट्टी वाजवली नाही. गावातला टेम्पो एवढा गप्प मी पहिल्यांदा बघितला.

शाळेच्या मैदानात रेषा होती. अजून उघडी होती. बऱ्याच जोड्या आमच्या आधी आल्या होत्या, आमच्यासाठी कुणी थांबावं असं काही नव्हतं. तरी रेषेच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, आमची, सगळी हात मागं बांधून. टाळी वाजवलेली चालते की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून कुणी टाळीही वाजवली नाही. निवेदक पोरगा माइक धरून गोंधळून बघत होता. त्या शांततेत आम्ही दोघींनी शेजारी शेजारी रेषा ओलांडली. पंचानं कार्ड घेतलं, शिक्के बघितले आणि आमची नावं मोठ्यानं वाचली. आधी तिचं, मग माझं. विद्याश्रीनं डोळे मिटून ते ऐकलं.

मी कशीबशी उतरले. तिला उतरता येईना. मांड्यांत गोळे आले होते, एक पाय जमिनीवर आणि दुसरा तसाच दांडीवरून पलीकडं. सायकलीसकट ती कलायला लागली. तिनं गर्दीत बघितलं आणि हात पुढं केला.

"मामा, आता धरा."

मामा एक पाऊल पुढं आले आणि थांबले. त्यांनी आधी पंचाकडं बघितलं.

"पावणं, आता हात लावला तर चालतंय न्हवं?"

"चालतंय, आजोबा. संपली शर्यत."

तेव्हा कुठं त्यांनी पाठीमागचे हात सोडले. डाव्या मनगटावर त्यांच्याच बोटांचे लाल वळ उठले होते. त्याच हातांनी त्यांनी सुनेला सायकलीवरून खाली उतरवलं.